आपला सामना, आपलं चॅनल: नॉर्थ कॅरोलायनातल्या बास्केटबॉलची गोष्ट

मायकेल जॉर्डन हे नाव ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. कुणाला तो शिकागो बुल्सचा २३ नंबर म्हणून माहीत असतो, तर कुणाला फक्त बुटांमुळे. पण शिकागोला जाण्याआधी, १९८१ ते १९८४ अशी तीन वर्षं हा मुलगा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकत होता आणि कॉलेजच्या संघातून खेळत होता. त्याचे त्या वेळचे बरेचसे सामने त्या राज्यातल्या लोकांनी घरबसल्या पाहिले, आणि त्यासाठी त्यांना ना केबल घ्यावी लागली, ना वर्गणी भरावी लागली. छपरावर अँटेना असला की झालं. ज्या चॅनलवर रोज गावच्या बातम्या आणि हवामान लागायचं, त्याच चॅनलवर सामनाही लागायचा.

ही सोय तिथे साठ वर्षांहून अधिक काळ चालली आणि २०१९ च्या मार्च महिन्यात बंद झाली. लोकांचा रस संपला म्हणून ती बंद पडली, असं वाटेल. पण झालं उलटंच. लोकांचा रस इतका वाढला, त्याची किंमत इतकी वाढली, की ती स्थानिक चॅनलच्या आवाक्यातच राहिली नाही.

ही गोष्ट अमेरिकेतली असली तरी आपल्यासारख्या मंडळींनी वाचावी अशी आहे. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, की ‘आपला मुलूख’ नुसत्या नकाशावरच्या रेषांनी तयार होत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी ऐकलेल्या, पाहिलेल्या आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चघळलेल्या गोष्टींनीही तो तयार होतो.

शेजारी शेजारी चार कॉलेजं

आधी जागा नीट समजून घेऊ. नॉर्थ कॅरोलायना हे अमेरिकेच्या आग्नेय भागातलं राज्य. तंबाखू, कापडगिरण्या आणि फर्निचर यांवर पोसलेलं. या राज्याच्या मध्यभागी रॅली, डरहॅम आणि चॅपल हिल ही तीन गावं जवळजवळ आहेत. रॅलीत नॉर्थ कॅरोलायना स्टेट, डरहॅममध्ये ड्यूक आणि चॅपल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. ड्यूक आणि चॅपल हिल यांच्यातलं अंतर आहे सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे इंदूरहून महूला जाण्याइतकंही नाही. चौथं वेक फॉरेस्ट. हे कॉलेज १९५६ साली रॅलीजवळची आपली जुनी जागा सोडून विन्स्टन-सेलम या शहरात गेलं.

या चौघांनी शेजारच्या राज्यांतल्या कॉलेजांबरोबर १९५३ साली एक गट स्थापन केला. त्याचं नाव अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, लोकांच्या तोंडी ‘एसीसी’. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसात ठरलेले सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा संघ. पहिल्या वर्षाअखेर त्यात आठ कॉलेजं होती.

राज्यात एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगचा संघ १९८८ पर्यंत नव्हता. त्यामुळे ‘आपला संघ’ म्हणजे कॉलेजचा संघ. जो कधी कॉलेजची पायरी चढला नाही, त्या गिरणीकामगाराचाही एक संघ ठरलेला असायचा, आणि बहुतेक वेळा तो बापाकडून मुलाकडे आलेला असायचा. एव्हरेट केस नावाचा प्रशिक्षक १९४६ साली इंडियाना राज्यातून रॅलीला आला आणि त्याने या भागाला बास्केटबॉलचं वेड लावलं. १९४९ मध्ये तिथे बारा हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील असं रेनॉल्ड्स कोलिझियम उभं राहिलं. तरी तिकिटं पुरेनात.

१९५७: तीन जादा डाव आणि पाच चॅनलं

१९५७ साली चॅपल हिलचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात पोहोचला. शेवटचे सामने होते दूर कॅन्सस सिटीमध्ये. सी. डी. चेस्ली नावाच्या निर्मात्याच्या डोक्यात आलं, की हे सामने आपल्या राज्यातल्या लोकांना दाखवले तर? त्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या पाच टीव्ही चॅनलांची मोट बांधली आणि तिकडचं चित्र तारेवरून इकडे आणलं.

त्याचं नशीबही थोर. २२ मार्चच्या शुक्रवारी उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि निकालासाठी जादा डाव खेळावे लागले, तेही एक नाही, तीन. चॅपल हिलने मिशिगन स्टेटला ७४-७० असं हरवलं. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना कॅन्ससशी. त्यांच्याकडे विल्ट चेंबरलेन होता, सात फुटी, त्या काळातला सर्वांत दांडगा खेळाडू. सुरुवातीला चेंडू वर उडवतात तेव्हा दोन्ही संघ आपला उंच गडी पुढे करतात. चॅपल हिलचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी चेंबरलेनसमोर पाठवला तो टॉमी कर्न्स, सहा फूटही नसलेला! चेंबरलेनला चेंडू मिळणारच होता. निदान त्याची थोडी गंमत करावी, त्याला गोंधळात पाडावं, हा हेतू. हाही सामना तीन जादा डावांपर्यंत गेला. शेवटची काही सेकंदं उरलेली असताना जो क्विगने दोन फ्री थ्रो टाकले आणि चॅपल हिल ५४-५३ असं जिंकलं. मोसमात ३२ पैकी ३२ विजय.

दोन रात्री मध्यरात्र उलटेपर्यंत आख्खं राज्य टीव्हीसमोर बसलं होतं. चेस्लीला जे उमगायचं ते उमगलं. पुढच्याच मोसमापासून त्याने एसीसीचे सामने नियमित दाखवायला सुरुवात केली. आधी शनिवारी दुपारी, पुढे आठवड्यातल्या रात्रीही.

सिंडिकेशन म्हणजे डबे पोचवणं

या पद्धतीला म्हणतात सिंडिकेशन. शब्द अवघड, काम सोपं. खानावळीच्या डब्यांसारखं समजा. स्वयंपाक एकाच ठिकाणी होतो आणि डबे वेगवेगळ्या घरी जातात. चेस्लीची कंपनी कॉलेजांकडून हक्क घ्यायची, कॅमेरे लावायची, समालोचक बसवायची आणि तयार कार्यक्रम वेगवेगळ्या शहरांतल्या चॅनलांना पुरवायची.

इथे अमेरिकी टीव्हीची एक खासियत लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे दूरदर्शन दिल्लीहून निघालं आणि मग राज्याराज्यांत पसरलं. अमेरिकेत परवाना मिळतो तो एकेका शहरातल्या चॅनलला. हे चॅनल सीबीएस, एनबीसी, एबीसी अशा मोठ्या नेटवर्कशी जोडलेलं असतं आणि त्यांचे कार्यक्रम दाखवतं. पण त्याचा मालक वेगळा असू शकतो आणि काय दाखवायचं याचा शेवटचा अधिकार त्याचा असतो. म्हणून शार्लट किंवा ग्रीन्सबरोचं चॅनल खुशाल न्यूयॉर्कचा कार्यक्रम बाजूला ठेवून ड्यूकचा सामना लावू शकायचं. न्यूयॉर्कवाल्यांना ते आवडत नसे, पण गावात सामन्यालाच जास्त प्रेक्षक आणि जाहिरातदार मिळतात हे चॅनलच्या मालकाला पक्कं ठाऊक असे.

पैसा यायचा जाहिरातींतून. सर्वांत मोठी प्रायोजक होती ग्रीन्सबरोची पायलट लाइफ ही विमा कंपनी. जहाजाला सुखरूप बंदरात आणतो तो पायलट, या कल्पनेवर कंपनीने एक जिंगल केली होती, दर्यावर्दी चालीची. सामना म्हटला की ती लागायचीच. त्या काळात मोठी झालेली माणसं आज आजी-आजोबा झाली, तरी ती जिंगल म्हणून दाखवतात.

या विमा कंपनीचं पुढे काय झालं पाहा. १९६८ साली ती जेफर्सन स्टँडर्ड या दुसऱ्या विमा कंपनीबरोबर एकत्र आली आणि जेफर्सन-पायलट तयार झाली. जेफर्सन स्टँडर्डकडे शार्लटचं डब्ल्यूबीटीव्ही हे जुनं चॅनल आधीपासून होतं. म्हणजे विमा विकणाऱ्यांच्या घरात आता टीव्हीचा धंदाही नांदू लागला. १९७९ साली शार्लटमध्येच रिक आणि डी रे या दांपत्याने रेकॉम नावाची कंपनी सुरू केली. १९८२-८३ च्या मोसमापासून रेकॉम आणि जेफर्सन-पायलट यांनी मिळून एसीसीचे सामने दाखवायला घेतले. चॅपल हिलला तेव्हा जॉर्डनचं दुसरं वर्ष सुरू होतं.

वर्गात टीव्ही

या प्रक्षेपणांनी लोकांच्या आयुष्यात किती जागा घेतली होती? दर मार्चमध्ये एसीसीची स्वतःची स्पर्धा असते. तिचे सामने शुक्रवारी दुपारी, म्हणजे ऐन शाळेच्या वेळात सुरू व्हायचे. नॉर्थ कॅरोलायनात असंख्य शाळांमध्ये शिक्षक चाकांच्या स्टँडवरचा टीव्ही ढकलत वर्गात आणायचे आणि मुलांबरोबर सामना बघायचे. तिथल्या दोन-तीन पिढ्यांची ही सामाईक आठवण आहे.

त्या स्पर्धेत तेव्हा धाकधूकही फार होती. १९७४ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्समधून एकाच संघाला प्रवेश मिळे, आणि एसीसीत तो ठरायचा याच तीन दिवसांत. वर्षभर जिंकत आलात आणि शनिवारी हरलात, तर घरी जा. ९ मार्च १९७४ ला नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरिलँड यांच्यात असाच अंतिम सामना झाला. दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पाचांतले. जादा डावात स्टेट १०३-१०० असं जिंकलं आणि पुढे देशाचं विजेतेपदही त्यांनी मिळवलं. मेरिलँड मात्र घरी बसलं. पुढच्या वर्षापासून एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघांना घेण्याचा नियम आला.

हे फक्त कॅरोलायनातच चालू होतं असं नाही. इंडियानात डब्ल्यूटीटीव्ही हे चॅनल तिथल्या विद्यापीठाचे सामने दाखवायचं. आग्नेयेकडच्या कॉलेजांची दुसरी मोठी कॉन्फरन्स, एसईसी, तिचेही सामने असेच चॅनलाचॅनलांना पुरवले जात. एडी आइनहॉर्न नावाच्या धडपड्या माणसाने तर टीव्हीएस हे स्वतःचं जाळं उभारून ही पद्धत देशभर नेली. २० जानेवारी १९६८ ला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ प्रेक्षकांसमोर ह्यूस्टनने यूसीएलएला ७१-६९ असं हरवलं आणि त्यांची सलग ४७ विजयांची मालिका तोडली. ह्यूस्टनच्या एल्विन हेजने एकट्याने ३९ गुण केले. तोवर मोठ्या नेटवर्कांना वाटायचं की कॉलेजचं बास्केटबॉल म्हणजे गावोगावचा मामला, देश कशाला बघेल? आइनहॉर्नने शंभराहून अधिक स्थानिक चॅनलं एकत्र करून ऐन रात्रीच्या वेळी हा सामना दाखवला आणि देश बघतो हे सिद्ध केलं.

या सुवर्णकाळाची एक काळी बाजूही सांगायला हवी. चेस्लीने सुरुवात केली तेव्हा दक्षिणेत वर्णभेद होता आणि एसीसीच्या संघांतले सगळे खेळाडू गोरे होते. या कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू दिसला तो १९६५-६६ च्या मोसमात, मेरिलँडचा बिली जोन्स. मग चॅपल हिलला चार्ली स्कॉट आला. डरहॅममध्येच कृष्णवर्णीयांचं एक जुनं कॉलेज होतं आणि तिथे जॉन मॅक्लेंडन यांच्यासारखा थोर प्रशिक्षक होऊन गेला होता. पण शनिवारच्या दुपारी टीव्हीवर दिसायची ती एसीसीचीच कॉलेजं. ‘सगळ्यांचं’ चॅनल हे बराच काळ सगळ्यांना सारखं सामावून घेणारं नव्हतं. पुढे डेव्हिड थॉम्पसन हा शेल्बीजवळच्या खेड्यातला कृष्णवर्णीय मुलगा स्टेटकडून खेळू लागला, तेव्हा त्याच शनिवारच्या चॅनलवर सगळं राज्य त्याला डोक्यावर घेत होतं, हेही तितकंच खरं.

मग बिनसलं कुठे?

७ सप्टेंबर १९७९ ला कनेटिकट राज्यातून ईएसपीएन हे चोवीस तास खेळ दाखवणारं केबल चॅनल सुरू झालं. चोवीस तास भरायला सामने हवेत. कॉलेजच्या बास्केटबॉलचे सामने भरपूर, थंडीच्या दिवसांत रोज आणि त्या वेळी स्वस्त. ईएसपीएनने ते घ्यायला सुरुवात केली.

सुरुवातीला कुणाचं काही बिघडलं नाही. स्थानिक चॅनलवर एक सामना, केबलवर दुसरा. प्रेक्षकांची चंगळच झाली. फरक होता तो कमाईच्या रीतीत.

स्थानिक चॅनलला मिळायचे फक्त जाहिरातींचे पैसे. केबल चॅनलला जाहिरातींचे मिळायचेच, शिवाय केबलची जोडणी असलेल्या प्रत्येक घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम मिळायची, त्या घरातलं कुणी ते चॅनल बघो न बघो. हिशेब करून बघा. समजा दहा लाख घरं आहेत आणि दर घरामागे महिन्याला एक डॉलर. वर्षाला झाले एक कोटी वीस लाख डॉलर, तेही एकही जाहिरात न विकता. २०११ च्या सुमारास ईएसपीएन सुमारे दहा कोटी घरांत पोचत होतं आणि त्याचा महिन्याचा दर एक डॉलरहून कितीतरी जास्त होता. हक्कांचा लिलाव लागल्यावर ग्रीन्सबरोच्या विमा कंपनीच्या जाहिरातीवर चालणारा धंदा त्यापुढे कसा टिकणार?

स्थानिक चॅनलांची स्वतःची ताकदही कमी झाली होती. पूर्वी नेटवर्क आपले कार्यक्रम दाखवण्याबद्दल स्थानिक चॅनलला पैसे द्यायचं. हळूहळू ते बंद झालं आणि उलट चॅनलंच नेटवर्कला पैसे देऊ लागली. मग न्यूयॉर्कचा कार्यक्रम बाजूला ठेवून सामना लावायची हिंमत कोण करणार? २००९ मध्ये अमेरिकेतलं प्रक्षेपण डिजिटल झालं आणि एका चॅनलला जोडून दोन-तीन उपचॅनलं मिळू लागली. कितीतरी शहरांत सामना मुख्य चॅनलवरून त्या कोपऱ्यातल्या उपचॅनलवर गेला. पाहुण्याला दिवाणखान्यातून उठवून पडवीत बसवावं, तसं झालं.

तिसरी गोष्ट कॉन्फरन्सच्या विस्ताराची. टीव्हीचा पैसा वाढवायचा तर मोठी शहरं हवीत. १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेट आलं, २००४-०५ मध्ये मायामी, व्हर्जिनिया टेक आणि बोस्टन कॉलेज, २०१३ मध्ये सिरॅक्यूज, पिट्सबर्ग आणि फुटबॉल वगळता नोट्र डेम. २०१४ मध्ये स्थापनेपासूनचं मेरिलँड सोडून गेलं. २०२४ मध्ये तर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाली! ज्या शेजारपणावर सगळा डोलारा उभा होता, ते शेजारपणच पातळ झालं. एका तासात गाडीने जाता येईल अशा गावाशी असलेलं वैर आणि पाच तास विमानात बसून गाठायच्या गावाशी असलेलं वैर सारखं कसं असेल?

शेवटचा शनिवार

२०१० मध्ये ईएसपीएनने एसीसीचे सगळे हक्क बारा वर्षांसाठी १८६ कोटी डॉलरना घेतले. रेकॉमने तोवर जेफर्सन-पायलटचा खेळांचा विभागही आपल्याकडे घेतला होता. आता तिला ईएसपीएनकडूनच काही सामने मागून घेऊन स्थानिक चॅनलांना पुरवावे लागत होते. जमीनदाराने आपल्याच जुन्या शेतात कूळ व्हावं, तशी गत. एसईसीचं तर त्याआधीच ठरलं होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईएसपीएनने त्यांच्यासाठी वेगळं एसईसी नेटवर्क सुरू केलं. मध्य-पश्चिमेतल्या बिग टेन कॉन्फरन्सने तर स्वतःचं चॅनल २००७ मध्येच काढलं होतं.

१६ मार्च २०१९, शनिवार. शार्लटमध्ये एसीसी स्पर्धेचा अंतिम सामना. ड्यूकने फ्लोरिडा स्टेटला ७३-६३ असं हरवलं. रेकॉमने जुन्या पद्धतीने स्थानिक चॅनलांना पुरवलेला एसीसीचा हा शेवटचा सामना. २२ ऑगस्टला एसीसी नेटवर्क हे नवं केबल चॅनल सुरू झालं.

आता सामने पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात हे खरं. मुलींच्या संघांचे सामने जुन्या काळात क्वचितच टीव्हीवर लागायचे; आता ते नियमित दिसतात. ही कमाई लहान नाही, आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणताना ती विसरू नये. पण ते पाहायला पैसे लागतात, आणि पैसे भरूनही भागेल असं नाही. कॉमकास्ट या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या केबल कंपन्यांपैकी एकीने एसीसी नेटवर्क डिसेंबर २०२१ पर्यंत घेतलंच नव्हतं. त्यांच्या ग्राहकांना दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याच संघाचे कितीतरी सामने दिसले नाहीत. ज्या म्हाताऱ्या माणसाने १९५७ पासून एकही शनिवार चुकवला नव्हता, त्याला आता कुठला सामना कुठल्या चॅनलवर, कुठल्या अ‍ॅपवर आणि पासवर्ड काय, हे नातवाला विचारावं लागतं.

पुढे एक गंमत झाली. तरुण मंडळी केबल तोडू लागली आणि घरटी मिळणाऱ्या पैशाचा तो झरा आटू लागला. २०२३ मध्ये द सीडब्ल्यू या फुकट दिसणाऱ्या नेटवर्कने एसीसीचे काही सामने घेतले, आणि ते तयार करण्याचं काम मिळालं कुणाला? रेकॉमलाच! अँटेना लावून एसीसीचा सामना पुन्हा दिसू लागला. पण तो आता देशभर एकच दिसतो. कुठला सामना आपल्या लोकांना हवा, हे गावातल्या चॅनलचा मालक ठरवत नाही.

पैशाचा वादही घरात शिरला. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी टीव्हीच्या पैशावरून आपल्याच कॉन्फरन्सला कोर्टात खेचलं. २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली. टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग यापुढे कुणाचे सामने किती लोक बघतात त्यावर वाटला जाईल. ज्याला प्रेक्षक जास्त, त्याला वाटा जास्त. वेक फॉरेस्टसारख्या लहान कॉलेजाच्या वाट्याला काय येईल याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्या अंगणात

आज रॅली, कॅरी, मॉरिसव्हिल या भागात संगणक आणि औषध उद्योगांमुळे पुष्कळ मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत. त्या तीन विद्यापीठांच्या मध्ये १९५९ साली उभारलेल्या रिसर्च ट्रँगल पार्कने त्यांना तिथे नेलं. तुमचा मावसभाऊ किंवा आतेबहीण तिथे असेल, तर विचारून बघा. त्यांच्या मुलांनाही ‘तू ड्यूकचा की चॅपल हिलचा?’ या प्रश्नाचं उत्तर शाळेत पहिल्या आठवड्यातच शोधावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. २००७ साली संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांच्या सामन्यांचे हक्क खासगी चॅनलकडे असले, तरी ते प्रसार भारतीला द्यावे लागतात आणि जाहिरातींचं उत्पन्न ७५:२५ असं वाटून घेतलं जातं. त्यामुळे भारताचा एकदिवसीय सामना आजही गरिबाच्या घरी दूरदर्शनवर दिसतो. अमेरिकेत असा कायदा नाही. पण आपल्या कायद्यालाही ‘राष्ट्रीय’ तेवढंच दिसतं. गावचा, प्रांताचा खेळ त्यात बसत नाही.

आणि प्रांताचा खेळ आपल्याकडे काय कमी थोर होता? सी. के. नायडूंच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक इंदूरला नेला. बडोद्याची परंपरा तर निराळीच. गोवा, हैदराबाद, बेळगावकरांचा कर्नाटक, प्रत्येकाचा आपापला संघ आहे. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं धावतं समालोचन केलं, तेव्हा मैदान न पाहिलेल्या आजीलाही ‘यष्टिरक्षक’ कोण ते कळलं. २०२२ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, ती अंतिम लढत सगळ्यांनी पाहिली. पण तिथवर पोचेपर्यंतचे सामने किती जणांनी पाहिले? रणजीचे मोजकेच सामने पडद्यावर येतात. २०२५ च्या जानेवारीत विराट कोहली दिल्लीकडून खेळायला उतरला, तेव्हा तो सामना ऐनवेळी ऑनलाइन दाखवायचं ठरलं. कोहली नसता तर तो कुणाला दिसलाही नसता.

चेस्लीला एका विमा कंपनीचा आधार आणि पाच चॅनलं पुरली. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि प्रक्षेपण फुकट करता येतं. इंदूरच्या रेसकोर्स रोडवरच्या संकुलातला बास्केटबॉलचा सामना असो की बडोद्यातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, दाखवायला फार पैसे लागत नाहीत. लागतो तो दर शनिवारी ठरलेल्या वेळी हजर राहणारा माणूस, आणि ठरलेल्या वेळी बघणारे शेजारी. आपल्या मंडळातल्या मुलामुलींपैकी चार-पाच जणांनी मनावर घेतलं, तर समालोचन मराठीतूनही होऊ शकेल.

तेवढं जमेपर्यंत एक सोपं काम आहे. या हिवाळ्यात आपल्या शहरात रणजीचा सामना असेल तर घरातल्या मुलांना घेऊन जा. बहुतेक मैदानांवर प्रवेश फुकट असतो, आणि दुपारच्या उन्हात बसायला जागाही भरपूर मिळते.